तीन जत्रांचा नारळ

जेवणं उरकली की नरसिंहपूरच्या यात्रा समितीची माणसं नारळ घेऊन येणार, आणि त्याआधी पप्पांना खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, एवढं एकच काम त्या रविवारी राजलक्ष्मीला होतं. बारामतीहून निमगाव केतकीला येताना तिनं ते वाक्य मनात इतकं घोटलं की लासुर्णे कधी मागं गेलं तेही तिला कळलं नाही. ‘पप्पा, आम्ही पाचट बंद केलं.’ एवढंसं तर वाक्य. पण शेजारी गाडी चालवणारा नवरा, विराज, गप्प, मागं लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नाही, त्यामुळं ते तिला एकदाही मोठ्यानं म्हणून बघता आलं नव्हतं.

घरासमोर गाडी थांबली. सासूबाई आत गेल्या आणि मगच विराजनं तोंड उघडलं.

“तूच सांग. तू मुलगी आहेस. जावयानं असलं काही सांगायचं नसतं.”

“आणि दादा?”

विराजनं नुसतं डाळिंबाच्या बागेकडे बोट केलं. तिचा भाऊ, ऋषिराज, पाचटचा गायक आणि गिटारवाला, जो हजार माणसांपुढं टेबलावर चढून उड्या मारत असे, तो झाडाच्या आड उभा राहून ठिबकची नळी फार बारकाईनं तपासत होता. सकाळपासून तो ती एकच नळी तपासत असावा.

“दादा!” तिनं हाक मारली.

“आलोच, आलोच,” तो म्हणाला आणि आणखी एक ओळ आत सरकला.

पाचट सुरू झालं तेही असंच, कोणी कोणाला न विचारता. बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ऋषिराज शेवटच्या वर्षाला, राजलक्ष्मी पहिल्या वर्षाला, आणि विराज दोघांच्या मधे कुठल्या वर्षाला आहे हे त्याचं त्यालाही नक्की सांगता येत नव्हतं. गॅदरिंगला सगळे सिनेमातली गाणी म्हणणार म्हणून या तिघांनी वेगळं काहीतरी ठरवलं. गिटारचे तीन कॉर्ड, भरधाव ड्रम आणि घसा फाटेस्तोवर गाणं. पॉप पंक म्हणतात त्याला, हे घरी समजावून सांगायला कोणी गेलं नाही. सराव उसाच्या कडेच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत चाले. पप्पांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा दारात उभे राहून म्हणाले होते, “काय ह्ये उसाचं पाचट पेटल्यागत वाजवताय!” पोरांनी बँडला तेच नाव ठेवलं. पप्पांना ते कळलं तेव्हा कॉलेजच्या भिंतीवर ते रंगवून झालं होतं.

मग ‘एम थ्री’ आलं, गणिताच्या तिसऱ्या पेपरात अडकलेल्या पोरांचं गाणं, आणि ‘शेवटची यष्टी’ आलं. पुण्यात कार्यक्रम लागले, मुंबईत लागले, पुढं दिल्ली झाली, शिलाँग झालं. दोन वर्षं पप्पा, म्हणजे दीपकराव, पोरांशी नीट बोलत नव्हते. एकदा पुण्याच्या कार्यक्रमातून मुलीला हाताला धरून घरी आणायचं म्हणून गेले, आणि पहाटे परत आले ते बँडचे मॅनेजर होऊन. कसं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी जुना पिकअप घेतला, त्याच्या कपाळावर ज्वाळांसकट ‘पाचट’ लिहून घेतलं, आणि निम्मं शेत आपल्या वडिलांवर, आबांवर टाकून ते पोरांबरोबर देश हिंडू लागले. कुठल्या सभागृहाचं मागचं फाटक किती रुंद आहे, केबल कशी गुंडाळली की गाठ पडत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. सरळ बोलायचं तर गेली चार वर्षं पाचट चालत होतं ते दीपकरावांच्या जोरावर. नव्या गाण्यांना कोणी विचारत नव्हतं. तेहतीस वर्षांचा, कपाळावरचे केस मागं सरत चाललेला ऋषिराज अजून ‘एम थ्री राहिला, आई’ म्हणून किंचाळत होता, आणि समोर खरोखरच एम थ्री राहिलेली पोरं नाचत होती.

तीन महिन्यांपूर्वी बेंगळुरूत, भर ‘एम थ्री’मध्ये, राजलक्ष्मीच्या लक्षात आलं की आपण सोमवारी भाजी काय करायची याचा विचार करतोय. हात आपले आपण ड्रम वाजवत होते. गाणं संपलं, लोक ओरडले, आणि गाणं संपल्याचं तिला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. ती घाबरली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिनं ते बोलून दाखवलं. विराजनं हातातला डोसा खाली ठेवला आणि म्हणाला, “मला वाटलं मी एकटाच.” ऋषिराज तर रडलाच. “तुमी दोघं मला सोडू देणार न्हाय, असंच धरून चाललो हुतो मी,” तो म्हणाला. तिघांनी तिथंच बँड बंद केला, हॉटेलच्या गल्ल्यावर बिल दिलं आणि खूप दिवसांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडले. खाली पिकअपमध्ये पप्पा पेट्या बांधत होते. त्यांना सांगायचं तेवढं राहिलं. ते तीन महिने राहिलंच.

स्वयंपाकघरात आई, रोहिणी, बाजरीच्या भाकरी थापत होती आणि सासूबाई, विनयाबाई, लसूण सोलत होत्या. विहिणी-विहिणींचं एरवी जेवढ्यास तेवढंच असे.

“पप्पा कुठायत गं?”

“सकाळीच गेलं नरसिंहपूरला.”

“का? ती माणसंच येणार हुती ना हिकडं?”

“अकलूजची कुठली आर्केस्ट्रा पार्टी नारळावर टपून बसलीया म्हणं. म्हणलं, मीच जाऊन उचलतो, म्हंजे भानगडच नगं.”

ज्यानं जत्रेचा नारळ घेतला त्यानं जत्रा वाजवायची, हा या भागातला जुना रिवाज. देवासमोर उचललेला नारळ फोन करून परत देता येत नाही. तिनं पप्पांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला, तेच. ती चुलीपाशी खाली बसली आणि जे बापाला सांगायचं ते तिनं दोघी बायकांना सांगून टाकलं.

आईचा हात परातीतच थांबला.

“बंद म्हंजे? भांडलासा का काय?”

“न्हाय गं.”

“तुझं आन् विराजरावांचं?”

“आमचं झ्याक हाय. तिघांनी मिळून ठरवलंय.”

“खरं?”

“खरं.”

रोहिणीनं तव्यावरची भाकरी करपू दिली, जे तिनं उभ्या जन्मात केलं नव्हतं. पिठाचे हात तसेच देवघराकडं जोडले. “सुटले गं बाई! बारा वरसं, राजू. तुमची गाडी घाटात असली की माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. फोन वाजला की आदी देवाला हात जोडायची, मग फोन उचलायची. कुणापाशी बोलणार? तुझा बाप म्हणायचा, पोरं नाव काढत्याती आन् तू रडत बसतीस. सुटले!”

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पण विनयाबाईंनी हातातली लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. शाळा मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

“मला हे पटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “याच बँडपायी मी लग्नात तुमच्याशी धड बोलले नव्हते, विहीणबाई. आठवतंय ना? मग मीच स्वतःला समजावलं. आता आमच्या सगळ्या मैत्रिणी मला विराजची आई म्हणून ओळखतात. आणि आता म्हणता बंद? अर्ध्यावर काही सोडायचं नाही, हे मी मुलांना आयुष्यभर शिकवलं.”

“बारा वरसं म्हंजे अर्ध्यावर व्हय वो? येवढ्यात पोरगं पैलीपासनं बारावी हुतंय की!”

“आणि दीपकरावांचं काय? त्यांचं सगळं त्याच्यात आहे. त्यांना काय वाटेल, याचा विचार केलात का कोणी?”

रोहिणीनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. राजलक्ष्मी तीन महिने फक्त तेवढाच तर विचार करत होती. पोरांच्या पायी बापानं शेत सोडलं, आणि आता त्याच्या हातातलं काढून घ्यायचं आपण. ती त्यांची एकुलती एक लेक. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरलेला तिला बघवणार नव्हता.

तेवढ्यात बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. नुसता वाजला नाही, वाजतच राहिला.

दीपकराव खाली उतरले ते कपाळभर गंध लावून. उतरताना गाडीच्या दाराला धरून क्षणभर थांबले, मग दोन्ही हातांनी उपरण्याचं मोठं गाठोडं छातीशी धरून अंगणात आले. पडवीत आबा, म्हणजे सावळाराम, खाटेवर बसले होते. त्यांच्यापुढं दीपकरावांनी गाठोडं सोडलं. आत एक नव्हे, तीन नारळ होते.

“एक न्हाय, तीन आणलं!” ते म्हणाले. “यंदाच्या जत्रंचा, फुडल्या सालचा आन् त्येच्या फुडल्या सालचा. देवापुढं उभा ऱ्हायलो आन् एकदमच उचललं. आता कोण उठवतंय आपल्याला, बगू!”

जत्रेचा नारळ घेणारे पुष्कळ पाहिलेत. पण घाईच्या भरात तीन सालांचा एकदम उचलणारा माणूस नरसिंहपूरच्या दोन नद्यांच्या काठी तोवर झाला नसेल. विराजनं डोळे मिटून घेतले. ऋषिराज, जो नेमका तेव्हाच बागेतून आला होता, तो पुन्हा बागेकडं वळला; आईनं त्याचा दंड धरला.

“का रं? तोंडं का पडली तुमची?” दीपकरावांनी विचारलं. “विराजराव, काय झालं?”

“मामा...” विराज म्हणाला, आणि त्याचं सगळं बोलणं तिथंच संपलं.

विनयाबाई पुढं झाल्या. “दीपकराव, तुम्ही आहात म्हणून या मुलांचं—”

“मम्मी, थांबा,” राजलक्ष्मी म्हणाली. घोटून ठेवलेलं वाक्य ऐनवेळी गायब झालं होतं. “पप्पा, आता न्हाय वाजवायचं आमाला. बेंगळुरूलाच थांबवलं आमी. तिघांनी. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाय.”

दीपकराव तिच्याकडं बघत राहिले.

“बेंगळुरूला,” ते म्हणाले. “तीन म्हैनं झालं.”

“व्हय.”

“आन् मी हितं लोकांस्नी फोन करतोय. तारखा मागतोय. पाया पडतोय एकेकाच्या.” आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “मला येका शबदानं इचारावं वाटलं न्हाय कुणाला?”

“तुमचं मन मोडंल म्हणून, पप्पा.”

“मग आता जुडलं व्हय?”

ते वळले आणि तरातरा पिकअपकडं गेले. मागचं फाळकं त्यांनी खाली सोडलं. बारामतीहून दुरुस्त करून आणलेला मोठा स्पीकर आत होता. नको असेल तर घ्या तुमचं सामान, असं काहीतरी म्हणत त्यांनी तो पुढं ओढला, छातीशी धरला, उचलला, आणि अर्ध्या उंचीवर तसेच थांबले. ना वर, ना खाली.

“पप्पा?”

“धरा,” ते दातांतून म्हणाले. “धरा आदी.”

ऋषिराज आणि विराज धावले. दोघांनी स्पीकर धरला, राजलक्ष्मीनं बापाला धरलं. सदरा वर सरकला होता, आणि कमरेभोवती रुंद पट्टा करकचून आवळलेला तिला दिसला. जुना होता. कडा विटल्या होत्या.

“ह्ये कवापासनं?” तिनं विचारलं.

दीपकरावांनी सदरा खाली ओढला. मग रोहिणीच बोलली. “माघल्या दिवाळीपासनं. बारामतीच्या डाक्टरनं सांगितलंय, घागर उचलायची न्हाय म्हणून. ह्ये काय म्हणालं त्येला? पोरांचं चालू हाय तवर चालू. मला शपथ घातली, पोरांस्नी सांगशील तर याद राख.”

“खाली बसा आधी!” विनयाबाईंचा आवाज असा आला की दीपकराव मुकाट्यानं आबांच्या खाटेवर बसले. “हे असं अंगावर काढत होतात तुम्ही? आणि मी मघाशी तुमचीच बाजू घेऊन भांडत होते!” त्या रोहिणीकडं वळल्या. “विहीणबाई, चुकलं माझं. बंद म्हणजे बंद. आजच्या आज बंद.”

राजलक्ष्मी बापाच्या पायांशी बसली होती. “का न्हाय सांगितलं, पप्पा? आमी काय परके हाय?”

दीपकरावांनी कमरेचा पट्टा चाचपला. “मला वाटलं, मी थांबलो तर तुमी थांबाल. दोन वरसं तुमच्याशी बोललो न्हवतो मी. त्येची लाज वाटायची. म्हणलं, पैल्यांदा आडवा आलो, आता मी दमलो म्हणून पुन्यांदा आडवा यायचं व्हय? तर न्हाय. मोडला तर मोडला मणका.”

“आन् आमाला वाटलं,” ऋषिराज म्हणाला, “आमी थांबलो तर तुमी खचाल.”

“मी?”

“व्हय.”

“आरं येड्यांनो,” दीपकराव म्हणाले, “माघल्या साली शिलाँगहून येताना मी नरसिंहाला नवस बोललो हुतो, ह्यांचा येखादा दौरा तरी पावसानं रद्द हू दे.”

आणि ते हसायला लागले. हसताना कंबर दुखत होती म्हणून विव्हळत होते, आणि विव्हळल्यावर आणखी हसू येत होतं. ऋषिराज तसाच जमिनीवर बसला. विराजनं सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जे त्यानं लग्नापासून केलं नव्हतं. राजलक्ष्मीनं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती भरपूर रडली. दुःखाचं त्यात काही नव्हतं. नुसतं मोकळं वाटत होतं.

“झालं का तुमचं?” आबा म्हणाले. एवढा वेळ ते नारळांकडं बघत बसले होते. “ह्येंचं काय करायचं, त्ये सांगा आता.”

ऋषिराजनं बापाकडं बघितलं, बापानं नारळांकडं.

“ज्येनं उचलला, त्येला परत ठेवता येत न्हाय,” आबा म्हणाले. “घरातल्या वडीलधाऱ्यानं जाऊन देवापुढं ठेवायचा असतोय. म्हंजे मीच. पर तिन्ही न्हाय ठेवणार. घराण्यानं शबुद दिलाय. यंदाची जत्रा वाजवायची. बाकीचं दोन मी बगतो. लाव रं ऋषी, त्या बाळूतात्याला फोन.”

बाळूतात्या समितीचा प्रमुख. ऋषिराजनं फोन लावून स्पीकरवर टाकला. आबांनी सगळं सांगितलं, घुमवून-फिरवून नाही, एकदम.

“आबा,” मग बाळूतात्या म्हणाला, “लय उपकार झालं तुमचं.”

“का रं?”

“तालमीची पोरं माझ्या मानगुटीवर बसल्याती. म्हणत्याती, फुडल्या सालापासनं त्या सांजंला कुस्त्या घ्या. पर दीपकराव एवढं प्रेमानं आलं, तीन नारळ उचललं, त्येंच्या तोंडावर न्हाय कसं म्हणायचं? मी सकाळपासनं त्याच काळजीत हाय बगा.”

दीपकरावांचे कान लाल झाले. रोहिणीनं तोंडाला पदर लावला. विनयाबाईंनी तर आधी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. अंगणात असं हसणं किती दिवसांनी झालं होतं कोण जाणे. एकटे आबा मात्र हसले नाहीत. फोन ठेवून ते म्हणाले, “मला काय बरं वाटलं न्हाय. त्ये यष्टीचं गाणं झ्याक हुतं.” बारा वर्षांत पाचटबद्दल ते एवढंच बोलले, आणि तेही बँड बंद झाल्यावर.

जेवणं उशिरा झाली. शेंगदाण्याची आमटी, भाकरी, खर्डा आणि विनयाबाईंचे लाडू. करपलेली भाकरी रोहिणीनं कोणाला दिली नाही, हौसेनं स्वतःच खाल्ली. दोघी विहिणी ताटाला ताट लावून बसल्या आणि घरातल्या पुरुषांना काहीच कसं वेळेवर बोलता येत नाही, यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं. पोरं जत्रेत काय वाजवायचं ते ठरवू लागली. ‘एम थ्री’ घ्यायचं की नाही यावर वाद झाला, खराखुरा, आवाज चढवून. विराज म्हणाला शेवटी घ्या, ऋषिराज म्हणाला सुरुवातीलाच उरकून टाका, आणि राजलक्ष्मी बोटांनी ताटाच्या कडेवर ठेका धरून दोघांना दाखवत होती की ते जरा वेगानं घेतलं तर कसं होईल. मधेच तिच्या लक्षात आलं, की आपण वाजवतोय आणि आपल्याला ऐकू येतंय.

जेवणानंतर ती पप्पांसाठी गरम पाण्याची पिशवी घेऊन गेली. पडवीतल्या खाटेवर ते पालथे पडले होते. तिनं पट्टा सोडवला, पिशवी कमरेवर ठेवली. त्यांनी समाधानानं सुस्कारा टाकला. त्यांना झोप लागली असं समजून ती उठली, तर त्यांनी हाक मारली.

“राजू.”

“काय, पप्पा?”

“जत्रंला सामान कोण उचलणार?”

“दादा, विराज. तालमीची पोरं हायत की, त्येंनाच लावू कामाला. तुमी हात लावायचा न्हाय.”

“बरं.” त्यांनी मान तिच्याकडं वळवली. “मग मला काय काम उरत न्हाय.”

“न्हायच.”

“मग म्या...” ते अडखळले. लेकीकडं काही मागायची त्यांना सवय नव्हती. “धा वरसं मी मागंच हुतो गं. पेट्या, जनरेटर, गाडी. तुमचं वाजायला लागलं की मला नुस्त्या भिंती हादरल्याल्या कळायच्या. त्या एका दिवशी फुडं बसू का मी? लोकांत?”

राजलक्ष्मी परत खाटेच्या कडेला बसली.

“फुडनं कसं ऐकू येतं गं, तुमचं?” त्यांनी विचारलं.

“चांगलं येतं, पप्पा,” ती म्हणाली. “लय चांगलं येतं.”